ज्याचा प्रश्न त्यानं विचारायचा

कर्जतच्या कॉलेजात मी वर्षानुवर्षं तर्कशास्त्र शिकवलं. त्यातून सवड काढून मुलांना ग्रीक मंडळींकडेही फिरवून आणायची. स्टोइक पंथ माझ्या विशेष आवडीचा. त्या लोकांनी चार सद्गुण मानले, त्यांतला पहिला शहाणपणाचा. शहाणपण म्हटलं की वर्गात हमखास खसखस पिकायची, कारण आपल्याकडे 'मोठा शहाणा आलाय' यापलीकडे तो शब्द कुणी फारसा वापरत नाही. मी फळ्यावर लिहायची: चांगलं काय, वाईट काय आणि दोन्ही नाही असं काय, हे ओळखता येणं म्हणजे शहाणपण. मग सांगायची की खरी मेख तिसऱ्या कप्प्यात आहे. पैसा त्या कप्प्यात, रूप त्या कप्प्यात, नावलौकिकही त्यातच. तब्येत आणि आयुष्यसुद्धा. मिळालं तर घ्यावं, जपावं, पण माणूस चांगला की वाईट हे त्यावर ठरत नाही. मुलं मुकाट्यानं उतरवून घ्यायची. मी हातावरची खडूची पूड झटकायची आणि घरी यायची.

मग ताईच्या किडन्या गेल्या.

ताई ही माझी थोरली बहीण. आमची आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्या घालण्यापासून शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. ती खालापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. मी लग्नच केलं नाही. निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे भिसेगावला चार दिवस म्हणून आली आणि राहिली. आमच्या दोघींचं फार गुळपीठ होतं असं नाही. भाजी कशी चिरावी इथपासून भांडणं होती. पण त्या घरात मला दुसरं कुणी नव्हतं आणि तिलाही नव्हतं, आणि ते आम्हांला पुरत होतं.

आठवड्यातून तीनदा पनवेलला डायलिसिस. ओळखीच्या एकाची इको गाडी उजाडायच्या आत दाराशी यायची. मी ताईला शाल गुंडाळायची, तिची उशी घ्यायची, डबा घ्यायची, फाइल घ्यायची. वाटेत चौक गावच्या नाक्यावर गाडी हळू व्हायची तेव्हा ती एकदा डोळे उघडून बाहेर बघायची आणि परत मिटायची. तिथं पोचल्यावर तिला आत घेत आणि मी बाहेरच्या बाकावर बसायची. त्या बाकावरची आम्ही सोबतची माणसं आतल्या पेशंटांपेक्षा जास्त आजारी दिसायचो. कुणी बोलायचं नाही. समोर टीव्ही चालू असायचा, त्याचा आवाज बंद असायचा, आणि सगळे तो बघत बसायचे. दुपारी तिला बाहेर आणत तेव्हा तिचा चेहरा धुऊन वाळत घातलेल्या फडक्यासारखा झालेला असे. घरी आल्यावर ती झोपायची ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. संध्याकाळी जरा माणसात यायची, दोन शब्द बोलायची, आणि पुन्हा पहाटे गाडी.

मी दमले होते. हे मी कुणाला बोलले नाही, कारण दमायचा हक्क तिचा होता, माझा नव्हता, असं मला वाटायचं. माझी पुस्तकं कपाटात होती. शहाणा माणूस सुखदुःखानं हलत नाही, असं त्यांत बरंच काही होतं. शहाण्या माणसाची कंबर दुखते का, त्याला गाडीत बसल्या बसल्या रडू येतं का, याबद्दल माझ्या वाचनात तरी काही आलं नव्हतं. मला त्या सगळ्या मंडळींचा राग यायला लागला होता. एवढं शहाणपण लिहून ठेवलंत, एखाद्याला तरी पनवेलच्या बाकावर बसायला पाठवायचं होतं.

एक दिवस परत येताना, चौक मागे पडलं आणि ताई म्हणाली, "आता पुरे गं."

मी म्हटलं, "आलंच घर."

"घराचं नाही म्हणत मी."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ऐकू आलं होतं, पण ऐकलं असं दाखवलं तर पुढे काहीतरी बोलावं लागलं असतं. तीही पुन्हा बोलली नाही. मात्र पुढच्या वेळी तिनं ते डॉक्टरांना सांगितलं, आणि डॉक्टरांनी मला आत बोलावलं. भला माणूस होता. त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. थांबवायचं असेल तर थांबवता येतं, तो पेशंटचा हक्क आहे. पण थांबवल्यावर हाताशी थोडेच दिवस राहतात. त्रास कमी व्हावा म्हणून औषधं देता येतात. ताईचं डोकं शाबूत आहे, तिला सगळं कळतंय, असंही तो म्हणाला. शेवटी म्हणाला, "घरी बोला एकदा नीट."

घरी बोला म्हणजे कुणाशी, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, दादाशी.

दादा आमचा भाऊ, दोघींच्या मधला. तो गावीच राहिला, खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावात. वडिलांची भातशेती त्यानं सांभाळली. ताई आणि मी मास्तरणी झालो, आमची भाषा पुस्तकी झाली, तो मात्र जसा होता तसाच बोलत राहिला आणि आमची टिंगल करत राहिला. ताई झोपली की मी मागच्या गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायची आणि त्याला फोन लावायची. रोज. दबक्या आवाजात आम्ही दोघं ताईबद्दल बोलायचो, ती भिंतीपलीकडे झोपलेली असायची.

"तुझ्यावर भार नको म्हणून बोलते हाय ती," तो म्हणाला. "तू काय बोललीस का तिला?"

मी खवळले. "मी काय बोलणार? मी इथं मरमर करते आणि तू तिथून मला विचारतोस?"

"तसं नाय गं. पण तिच्या मनात आलं कुठनं मग?"

हाच प्रश्न रात्रंदिवस मला खात होता. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असेल का? एखाद्या पहाटे उशी उचलताना मी सुस्कारा सोडला असेल, तो तिनं ऐकला असेल का? पण हे मी दादाला सांगितलं नाही. आम्ही भांडत राहिलो. त्याचं म्हणणं चालू ठेवायचं. माझं म्हणणं काय होतं ते मलाच माहीत नव्हतं. तो चालू म्हणाला की मला सुया टोचून सुजलेला तिचा हात दिसायचा, आणि मी थांबवण्याच्या बाजूनं बोलू लागले की माझंच वाक्य अर्ध्यात सोडून द्यायची.

शेवटी त्यानं त्याचा हुकमी उपाय काढला. "देवाला कौल लावू."

आमच्या गावात मोठं काही असलं की ग्रामदेवाला कौल लावतात. मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, घराचा पाया. गुरव देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन मार्गांमधला एक निवडायचा असेल तर कुठली बाजू कशाची, ते आधी बोलून ठेवतात. आणि एकदा कौल मिळाला की तोच प्रश्न पुन्हा लावायचा नाही.

मी दादाला फोनवर व्याख्यान दिलं. म्हटलं, देवाला विचारायला माझी ना नाही. माझ्या त्या जुन्या मंडळींचीही नव्हती. त्यांच्याकडेही देवळं होती, कौल होते. पण ते म्हणत, आपल्या हातात नाही ते खुशाल विचारा. आपण काय करायला हवं, हे मात्र देवाला विचारायचं नसतं. ते आपलं आपल्याला कळावं लागतं.

"बरं," दादा म्हणाला. "कळलंय का तुला?"

खरं सांगायचं तर मलाही कौल हवा होता. देव चालू ठेव म्हणाला असता तर तिला सुया टोचवणारी मी नसते. देव थांब म्हणाला असता तर तिला मरणाकडे नेणारी मी नसते. दोन्हीकडून मी सुटत होते. तर्कशास्त्राची बाई पाकळीच्या आधाराला निघाली होती, आणि मला त्याची लाजही वाटेनाशी झाली होती, इतकी मी थकले होते.

ताईला सांगितलं तर तिनं आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, "जाऊ या की. देऊळ पाहून किती दिवस झाले." मग म्हणाली, "तू येणार? तुझे ग्रीक रागावतील." बऱ्याच दिवसांनी तिनं मला चिडवलं, म्हणून मला बरं वाटलं.

मार्गशीर्ष सरत आला होता. भातं झोडून झाली होती आणि खाचरांतून वाल वर आला होता. ताईला देवळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून दादानं आणि गाडीवाल्यानं तिला खुर्चीसकट उचलून सभामंडपात ठेवलं. गुरव तरुण होता, खोपोलीकडच्या कुठल्याशा कंपनीत पाळीवर जाणारा. खाली कंपनीची निळी पँट आणि वर उपरणं, असा तो आला. त्यानं देवाला पाणी घातलं, पाकळ्या भिजवल्या आणि आमच्याकडे वळला.

"काय विचारायचं?"

"डायलिसिस चालू ठेवलं तर ताईला बरं वाटंल का, इचार," दादा म्हणाला.

"बरं कसं वाटेल?" मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय की हा आजार बरा होणारा नाही. ते देवाला काय विचारायचं? थांबवणं योग्य आहे का, असं विचारा."

"थांबवायचं कशाला काढतेस तू आधी?"

"मग चालू ठेवणं योग्य आहे का, असं विचारू."

"योग्य-अयोग्य तुझ्या वर्गात. इथं सरळ इचारायचं. राहूदे का जाऊदे?"

देवासमोर उभं राहून आम्ही दोघं म्हातारी माणसं प्रश्नावरून हमरीतुमरीवर आलो. गुरव दोन्ही हातांत पाकळ्या धरून उभा होता. त्या वाळल्या, त्यानं परत भिजवल्या. मी दादाला म्हणाले की तुला तिचे हाल दिसत नाहीत, कारण तू तिथं नसतोस. तो म्हणाला की तुला तिला घालवायची घाई झालीय. ते वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं. मी खांबाला धरलं.

तेव्हा गुरव म्हणाला, "तुमी दोघं जरा थांबा. ज्याचा प्रश्न त्यानं इचारायचा, असा रिवाज हाय इथला." मग तो खुर्चीकडे वळला. "आजी, तुमी बोला."

तो रिवाज आम्हांला माहीत नव्हता असं नाही. लहानपणापासून आम्ही तो बघत आलो होतो. ज्या मुलीचं लग्न, तिच्याच तोंडून प्रश्न वदवून घ्यायचे; ती लाजून कुजबुजली तरी चालायचं. इतके दिवस आम्ही फोनवर बोललो, डॉक्टरांशी बोललो, एकमेकांच्या उरावर बसलो, पण तिला का थांबायचंय हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. भार होण्याची भीती, दुखण्याचा त्रास अशी कारणं आम्हीच तिच्या नावावर लावली आणि त्यावर आपापसात वाद घातला. डोकं शाबूत असलेली बाई आमच्या मधोमध खुर्चीवर बसली होती.

ताईनं शाल सारखी केली. वर्गात पोरं गप्प होईपर्यंत थांबायची तशी ती जरा थांबली.

"थांबायचं की नाही, हे मी विचारायला आले नाही," ती म्हणाली. "ते माझं ठरलंय. मी डॉक्टरांशी दोनदा बोललेय."

"अगं पण का?" मी म्हटलं. "माझ्यामुळे का?"

"तुझ्यामुळे कशाला? तू काय मला जड झालीस?" मग ती हसली. "तुला मी जड झाले असेन, ते मला दिसतं. पण त्यासाठी कुणी मरत नाही. तू मला लहानपणी काय कमी जड होतीस? हे बघ, सुई टोचली की तो दिवस जातो, दुसरा दिवस जातो. संध्याकाळी मी जरा माझी असते, तेवढ्यात पुन्हा पहाट होते. जगण्याचा कंटाळा नाही आला मला. पण हे जगणं माझ्या वाट्याला येतच नाही. ते सगळं त्या मशीनला जातं. थोडे दिवस असले तर असू देत, पण ते मला पाहिजेत. तुम्हां दोघांशी बसून बोलायला पाहिजेत."

दादानं टोपी काढून हातात घेतली.

"देवाला एवढंच विचार," ती गुरवाला म्हणाली. "आत्ताच थांबू, की होळीपर्यंत रेटू? आत्ता असेल तर उजवी, होळीनंतर असेल तर डावी. मला दोन्ही सारखंच आहे, म्हणून विचारते."

मी तिच्याकडे बघत राहिले. जे ठरवायला हवं ते तिनं स्वतः ठरवलं होतं. देवाकडे तिनं तेवढंच सोडलं, ज्यात इकडेतिकडे झालं तरी चालणार होतं. मी हेच तर दादाला फोनवर सांगितलं होतं, आणि तिनं ते कदाचित भिंतीपलीकडून ऐकलंही असेल. मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला. होळीपर्यंत म्हण ना सरळ, असं ओरडावंसं वाटलं.

गुरवानं पाकळ्या लावल्या. आम्ही बसलो. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला आणि आवाज लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिला. मी डाव्या पाकळीवरून नजर हलवली नाही. मी देवाला मानते की नाही, याचा मी आयुष्यभर नीट विचार केलेला आहे, पण त्या वेळी मी त्या पाषाणाची मिनतवारी करत होते. होळीपर्यंत दे. होळी काही फार लांब नाही.

उजवी पडली.

"पुन्हा लावा," मी म्हणाले.

गुरव चपापला. "बाई, तसं नाय चालत."

"वारा आला आत्ता. पंख्याचा वारा लागला तिला. पुन्हा लावा."

पंखा बंद होता. दादा देवाला मानणारा, त्याच्या घरात कौलाशिवाय पान हलत नाही. तो मला गप्प करेल असं मला वाटलं. पण तो गुरवासमोर हात जोडून म्हणाला, "लाव रं. एकदाच. देव काय बोलायचा नाय."

"गप रं," ताई त्याला म्हणाली. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून गावची बोली आली. "पोरंटोरं हाव का तुमी? देवाला लाज आणाल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू गं. काय शिकवलंस एवढी वर्षं?"

मी काहीच शिकवलं नव्हतं. मी तिच्या खुर्चीशी खाली बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. गुरवासमोर, गाडीवाल्यासमोर. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला. हातावरची ती सुजलेली शीर माझ्या गालाला लागत होती.

त्यानंतरची कामं आपोआप झाली. पनवेलच्या डॉक्टरांना कळवलं. त्यांनी औषधं लिहून दिली, कर्जतमधल्या एका डॉक्टरांशी बोलून ठेवलं. दादा चार कपडे पिशवीत घालून भिसेगावला राहायला आला आणि पहिल्याच दिवशी माझ्याशी भाजीवरून भांडला. ताईच्या खोलीतली खाट आम्ही खिडकीशी सरकवली. मी अजूनही दमलेलीच होते. ठरलं म्हणून थकवा जात नाही, हे मला त्या दिवसांत कळलं. फक्त तो कुणावर काढावासा वाटेना.

मग पनवेलला जायचा वार आला. मी सवयीनं अंधारातच उठले. शाल हातात घेतली आणि मग कुठे जायचं नाही हे आठवलं. दादा घोरत होता. ताईच्या खोलीत दिवा होता. ती उशीला टेकून बसली होती, जागी, आणि तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी तिचाच दिसत होता.

"आता काय करायचं गं?" ती म्हणाली.

काय करावं, काय करू नये, हे ओळखता येणं म्हणजे शहाणपण, असंही मी फळ्यावर लिहीत असे. पण या वेळी घरी असलेल्या दोन बायका काय करतात, ते मला आठवेना. तिलाही आठवेना. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.

"चहा कर," ती म्हणाली.

मी चहा केला. तिच्या आजारात पाणीसुद्धा मोजून द्यायचं असतं. शरीरात साठतं, छातीवर येतं. गेली कित्येक वर्षं तिची प्रत्येक तहान मी मापानं भागवली होती. तिनं कितीदा मागितलं आणि मी कितीदा नाही म्हटलं, याची गणती नाही. हाताला त्याचंच वळण पडलेलं. मी तिच्या कपात अर्धाच चहा ओतला आणि तिच्या हातात दिला.

ती प्यायली नाही. कपात बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं. रागावली नव्हती. नुसती वाट बघत होती.

मी आत गेले, गाळणं आणि पातेलं घेऊन आले, आणि तिचा कप काठोकाठ भरला.